बैलाचे दात, जेसीबीचे तास

बैलबाजारातला जुना सौदा तोंडाने होत नसे. घेणारा आणि विकणारा यांचे हात एका उपरण्याखाली जात, बोटे दाबून आकडा सांगितला जाई, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही भाव कळत नसे. बीड जिल्ह्यात नेकनूर आणि हिरापूर ही जनावरांच्या बाजारासाठी नाव असलेली गावे. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ही हत्त्याची रीत समजावून सांगावी लागत नाही.

पण उपरण्याखाली झाकलेला असे तो फक्त भाव. जनावर मात्र भर बाजारात उघडे उभे असे. जबडा उघडून दात मोजले जात: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. शिंगे साळून वय लपवले आहे का, खांदा सुजला आहे का, खुरांत भेगा आहेत का, हे पाहिले जाई. बैल चालवून पाहत, जमल्यास गाडीला जुंपून पाहत. सोबत गावातला एखादा जाणकार असे. त्याने नाक मुरडले की सौदा मोडे.

आज त्याच जिल्ह्यातला एखादा तरुण जुना जेसीबी घ्यायला निघतो, तेव्हा बरोबर उलटे घडते. भाव मोबाइलच्या पडद्यावर ठळक अक्षरांत झळकत असतो, साऱ्या जगाला दिसतो. यंत्र मात्र उपरण्याखाली असते: सहा छायाचित्रे, अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आणि तास दाखवणाऱ्या मीटरचा एक आकडा.

झाकलेला दोष विक्रीनंतर उघडा पडला तर नुकसान कोणी सोसायचे? हा प्रश्न जेसीबीहून फार जुना आहे, आणि त्याची उत्तरे काळानुसार सुधारत गेली असे मानण्याचे कारण नाही.

प्रथम बीडमध्ये ही यंत्रे आली कशी, ते पाहू. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडली ती माणसांनी, पाझर तलावांची माती वाहिली ती पाटी डोक्यावर घेतलेल्या बायांनी. त्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. त्याचा हेतूच हातांना काम देणे हा होता. यंत्राला तिथे जागा नव्हती. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानात मात्र नाला खोलीकरण आणि रुंदीकरण मुख्यतः यंत्रांनी झाले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई होता. वरूड आणि कोरेगाव हे दुसरे दोन. श्रमदानाच्या चित्रांत कुदळी-फावडी दिसतात, पण गावागावांत चर्चा असे ती यंत्राच्या तासांची आणि डिझेलची. शेततळी, विहिरी, रस्त्यांची कामे यांमुळे मागणी टिकली. ऊसतोडीच्या उचलीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या जिल्ह्यात स्वतःचे यंत्र असणे म्हणजे मुकादमाच्या वहीतून नाव कमी होण्याची शक्यता. नवे यंत्र आवाक्याबाहेरचे, म्हणून जुने. घरातले सोने, थोडी जमीन आणि एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असे सगळे त्या एका व्यवहारात उतरते.

(पोकलेन हा शब्द मराठी झाला आहे, पण मूळचा तो फ्रान्समधल्या एका कंपनीचे नाव, आणि त्या कंपनीने तो घेतला एका शेताच्या नावावरून. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बामफोर्ड, इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये १९४५ साली ट्रेलर बनवून सुरुवात करणारा माणूस. त्याच्या नावाची यंत्रे १९७९ पासून हरयाणातल्या बल्लभगढच्या कारखान्यामार्फत भारतात रुजली.)

आता मागे जाऊ. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करता येईल, याची यादी आहे. लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३ दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला ५ दिवस, रत्नांना ७, बियाण्याला १०. याच यादीत दासाला पंधरा दिवस आणि दासीला महिना आहे; माणसे वस्तूंच्या रांगेत उभी होती, हे विसरून ही यादी वाचता येत नाही. तरीही तिच्यामागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे. दोष उघड व्हायला प्रत्येक वस्तूला वेगळा वेळ लागतो. लोखंड ठोकून लगेच कळते, पण बी उगवेपर्यंत थांबावे लागते. आणि बैल? पाच दिवस नांगराला किंवा गाडीला जुंपला की त्याची खोड आपोआप बाहेर येते.

या स्मृतीवरची सर्वांत प्रभावी टीका, मिताक्षरा, विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत इ.स. ११०० च्या सुमारास लिहिली. ते कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागून. नारदस्मृती आणखी बारीक हिशोब करते. घेतलेला माल नापसंत ठरून त्याच दिवशी परत केला तर पूर्ण पैसे, दुसऱ्या दिवशी तिसावा हिस्सा कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर माल घेणाऱ्याचाच. मात्र आधी स्वतः नीट पारखून घेतलेली वस्तू परत करता येत नाही, अशी अटही तिथे आहे. कौटिल्य जनावरांबाबत अधिक उदार दिसतो: रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला बारा पण दंड, आणि चतुष्पाद परत करण्याची मुदत तीन पक्ष, म्हणजे दीड महिना.

ग्रंथातला नियम आणि बाजारातला व्यवहार एकच असतो असे नाही. पण नियम करणाऱ्यांना कोणत्या खरेदीची काळजी वाटत होती, हे ग्रंथावरून कळते. त्यांना काळजी होती कमावत्या जनावराची. रोममध्येही तसेच दिसते. तिथल्या बाजारांवर देखरेख करणाऱ्या एडाइल या अधिकाऱ्यांच्या फर्मानाने गुलाम आणि ओझ्याची जनावरे विकणाऱ्यांवर आजार व खोड आधी सांगण्याचे बंधन घातले. न सांगितल्यास सहा महिन्यांत माल परत, किंवा वर्षभरात किमतीत कपात. विक्रेत्याला दोष ठाऊक नव्हता, ही सबब चालत नसे.

(दाताचा विषय निघालाच आहे तर: बीडजवळ करजणी येथे मुहम्मद बिन तुघलकाच्या पडलेल्या दाताचे थडगे दाखवले जाते. बैलाचे दात मोजणाऱ्या मुलखात सुलतानाच्या दातालाही कबर मिळाली.)

इंग्लंडची वाट निराळी. १६०३ च्या एका खटल्यात एका सोनाराने बेझोआर, म्हणजे जनावराच्या पोटात सापडणारा औषधी मानला जाणारा खडा, म्हणून एक दगड शंभर पौंडांना विकला. दगड खोटा निघाला. न्यायालयाने खरेदीदाराला परत पाठवले, कारण विक्रेत्याने खरेपणाची हमी दिलेली नव्हती; तो नुसते तसे म्हणाला होता. घेणाऱ्याने सावध असावे, हे सूत्र पुढे इंग्रजी व्यापाराचा कणा झाले आणि कंपनीच्या पाठोपाठ भारतात आले.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ खालचे उदाहरण प्रत्येक जुन्या यंत्राच्या खरेदीदाराने वाचावे असे आहे. लिलावात एक जण दुसऱ्याला घोडा विकतो. घोडा दुखणाईत आहे, हे विकणाऱ्याला माहीत आहे. तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. याज्ञवल्क्याने पाच दिवस दिले होते; १८७२ ने गप्प बसणाऱ्याला अभय दिले. हे कलम आजही लागू आहे.

त्याच कलमाखाली थोडे पुढे दुसरे उदाहरण आहे, आणि तेथे दार किलकिले होते. घेणारा विचारतो, तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा धडधाकट आहे असे समजेन. विकणारा गप्प राहतो. येथे त्याचे मौन हेच उत्तर ठरते. म्हणजे घोड्याच्या तब्येतीपेक्षा प्रश्न विचारला होता का, याला महत्त्व. व्हॉट्सॲपवर यंत्राचे पंप, इंजिन आणि कर्ज यांबद्दल लेखी प्रश्न विचारून ठेवणारा आजचा खरेदीदार नकळत याच दीडशे वर्षे जुन्या उदाहरणाच्या आधारावर उभा असतो.

बीडला हा कायदा उशिरा भेटला. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे स्वतःचे कायदे होते. १३३९ फसलीचा, म्हणजे १९३० च्या सुमाराचा, हैदराबाद कृषी बाजार कायदा हा त्यांतला आपल्या विषयाला जवळचा. बाजारातले मापाडी आणि दलाल यांना शिस्त लावण्याचा तो प्रयत्न होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले, आणि १९५१ मध्ये भारताचे अनेक केंद्रीय कायदे एकाच अधिनियमाने अशा राज्यांना लागू झाले. त्यांत करार कायदा होता, आणि १९३० चा वस्तुविक्री कायदाही.

हा १९३० चा कायदा खरेदीदाराला चार गोष्टी देतो. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार असलाच पाहिजे. वस्तूवर तिसऱ्याचा बोजा नसावा. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे. आणि त्याच मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून, आपले काम सांगून वस्तू घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे. पडद्यावर पाहून घेतलेल्या यंत्राला तिसरी गोष्ट फार मोलाची आहे. जाहिरातीत २०१९ चे मॉडेल, अमुक तास चाललेले असे लिहिले असेल तर ते वर्णन आहे, आणि यंत्र २०१५ चे निघाले तर विक्रेता धंदेवाईक होता की घरचे यंत्र विकणारा, हा प्रश्न उरत नाही.

पण कायद्याने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेण्याची सोयही ठेवली आहे. कलम ६२ नुसार उभयतांच्या कराराने या हमी काढून टाकता येतात. लिलावाच्या अटींतले ‘जसे आहे, जेथे आहे’ हे शब्द तेच काम करतात. सरकारी भंगार आणि जुनी यंत्रे ई-लिलावाने विकणारी, १९६४ साली स्थापन झालेली एमएसटीसी असो की जप्त वाहने विकणाऱ्या वित्तसंस्था, या अटीवाचून लिलाव क्वचितच होतो. लिलावाआधी यंत्र पाहण्याची मुभा असते. जो पाहायला गेला नाही, त्याची बाजू लंगडी पडते.

ग्राहक चळवळीने या एकतर्फी बाजाराला मोठा धक्का दिला, आणि त्यात महाराष्ट्र पुढे होता. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मान्यता मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले, कोर्ट फीचा आणि वकिलाचा बोजा हलका झाला. मात्र कायद्यासमोर जो ग्राहक होता तो घरातला: रेशन, औषध, पंखा, शिवणयंत्र घेणारा. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा त्यातून वगळला गेला. याज्ञवल्क्याने ज्याला सर्वांत आधी आठवले असते तो कमावत्या जनावराचा मालक नव्या व्यवस्थेत दाराबाहेर राहिला. फ्रिज बिघडला तर मंच. ज्या यंत्रावर घर चालते ते बिघडले तर दिवाणी न्यायालय.

याची किंमत एका मराठी लघुउद्योगाला मोजावी लागली. महाराष्ट्र शासनाच्या उद्योग संचालनालयाकडे नोंदलेल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सने १९९० मध्ये कोइमतूरच्या पीएसजी संस्थेकडे एका संगणक-नियंत्रित यंत्राची मागणी नोंदवली. यंत्र उशिरा आले आणि सदोष आले, अशी तक्रार झाली. राज्य आयोगाने भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली: खरेदी व्यापारी हेतूची, म्हणून तक्रारदार ग्राहकच नाही. ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. यंत्र सदोष होते की नव्हते, या प्रश्नाला हातच लागला नाही. दिवाणी दावा करायचा असेल तर गेलेला काळ मुदतीतून वजा मागता येईल, एवढी सोय न्यायालयाने सांगितली. पाच वर्षांच्या झगड्यानंतर पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्याची ती परवानगी होती.

तरीही हा निकाल नुसता नकार म्हणून वाचणे अन्यायाचे होईल. १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्टीकरण आले होते की, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानायची नाही. त्याचा अर्थ याच निकालात उलगडला. स्वतः रिक्षा चालवणारा ग्राहक. दुसऱ्याच्या हाती देऊन नुसता नफा घेणारा नव्हे. मग प्रश्न आला मदतनिसाचा. २००९ मध्ये सुलतानपूरच्या मदनकुमार सिंह प्रकरणात सरकारी लिलावात ट्रक घेतलेल्या माणसाला कागदपत्रेच मिळाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला ग्राहक मानले आणि म्हटले की त्याने चालक ठेवला असता तरी फरक पडला नसता, कारण उपजीविका त्याचीच होती. एक जुना जेसीबी आणि एक ऑपरेटर एवढाच पसारा असलेल्या बीडच्या तरुणासाठी हा निकाल जवळचा आहे. तीन यंत्रे आणि ठेकेदारीची संस्था झाली की मात्र तो पुन्हा लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या रांगेत जातो. म्हणून तक्रारीत, शक्यतो खरेदीच्या कागदातही, यंत्र स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतले हे वाक्य असणे ही औपचारिकता नसते.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक अडसर काढला. पूर्वी तक्रार विक्रेत्याच्या किंवा घटनेच्या ठिकाणी करावी लागे. आता तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडेही जाता येते. यंत्र राजस्थानातून घेतले तरी तक्रार बीडला. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, आणि मुदत दोन वर्षांची. त्याच वर्षीच्या ई-कॉमर्स नियमांनी मंच चालवणाऱ्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमण्यास, ४८ तासांत पोच देण्यास आणि महिन्याभरात निवारण करण्यास सांगितले. पण फावल्या वेळी स्वतःचे एखादे यंत्र विकणारी खाजगी व्यक्ती या नियमांच्या कक्षेत येत नाही, आणि जुन्या यंत्रांच्या जाहिरातींत अशा व्यक्ती, किंवा तसे भासवणाऱ्या, पुष्कळ असतात.

आता पोकलेनकडे यावे लागते, कारण खरी अडचण तिथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बांधकाम यंत्र-वाहनाची जी व्याख्या आहे, ती रबरी टायर किंवा पोलादी ड्रमच्या चाकांवर चालणाऱ्या यंत्रांची. टायरवरच्या जेसीबीला म्हणून आरसी बुक असते: मालकाचे नाव, चासी क्रमांक, कर्जाची नोंद. विक्रीनंतर नाव बदलावे लागते, आणि बोजा उतरवायला वित्तसंस्थेचा फॉर्म ३५ लागतो. साखळीवर सरपटणारे पोकलेन त्या व्याख्येत बसत नाही. लाखो रुपयांच्या यंत्राचा मालक कोण, याचा पुरावा मग मूळ बीजक, विक्रीच्या पावत्यांची साखळी आणि विकणाऱ्याचा शब्द. बीजक हरवले आहे असे ऐकू आले की जुना हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, उठून गेला असता. दाखल्यावाचून आणलेले जनावर चोरीचे असू शकते, हे त्याला ठाऊक होते. कर्जाचा बोजा शोधायला सरसाई ही २०११ पासूनची केंद्रीय नोंदवही उपयोगी पडते. तारण यंत्रांच्या नोंदी तिथे शुल्क भरून पाहता येतात. तिची माहिती असलेला खरेदीदार मात्र विरळा.

यंत्राचे वय सांगणारा तासांचा मीटर हा आधुनिक दातच. तोही कोरला जातो. इंग्लंडमधले घोड्यांचे व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खळगे कोरून त्याला तरुण करीत, इतके सर्रास की त्या कलेला स्वतंत्र नाव पडले होते. मीटर बदलणे त्याहून सोपे. म्हणून मिस्त्री मीटरकडे पाहत नाही. तो पिन-बुशातली ढील हलवून पाहतो, इंजिन थंड असताना सुरू करून धूर पाहतो, तेल तापल्यावर हायड्रॉलिकचा जोर मंदावतो का हे तासभर खोदवून पाहतो. बकेटच्या दातांची झीजही तो पाहतो. त्यांनाही दातच म्हणतात. याज्ञवल्क्याचे पाच दिवस कोणी देत नाही, पण एक तास मागता येतो.

परदेशात या अंतरावर धंदाच उभा राहिला. कॅनडातल्या रिची ब्रदर्सने १९६३ मध्ये यंत्रांचा मोठा विनाराखीव लिलाव घेतला, तेव्हा खरेदीदार समोर उभे होते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नप्लॅनेटने यंत्र न पाहता विकायचे ठरवले आणि त्यासाठी स्वतःचा तपासनीस पाठवून त्याच्या अहवालाचीच हमी दिली. जाणकार सोबत नेण्याची बाजारातली रीतच कंपनीने पगारावर ठेवली. २०१७ मध्ये रिची ब्रदर्सने ती कंपनी विकत घेतली.

बैलबाजारात विसार दिला जाई तो जनावर पाहून, साक्षीदारासमोर, विकणाऱ्याच्या हातात. पडद्यावरच्या सौद्यात टोकन आधी मागतात. बदली झाली आहे, दुसरा गिऱ्हाईक वाटेत आहे, गाडीभाडे पाठवा म्हणजे यंत्र निघते, अशी कारणे असतात. सोबत कोणाच्या तरी आरसीचे छायाचित्र. पैसे गेले तर पहिल्या काही तासांत फिरवायचा सायबर मदत क्रमांक १९३० आहे. वस्तुविक्री कायद्याचे सालही १९३०. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

आणि सौदा खरा असला, तर तो अखेर जुन्याच वळणावर येतो. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, त्या दिवशीचे मीटरचे तास, बोजा नाही असा शब्द, दोन साक्षीदार. बाजार समितीच्या पावतीवर बैलाचा रंग, शिंगे आणि दात लिहिले जात, त्याच क्रमाने.